खंडणीची चिठ्ठी : एका गद्यप्रकाराचा किनारी इतिहास

२७ जून २०१७ रोजी उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. कारण पाऊस नव्हता, संपही नव्हता. गेटवे टर्मिनल्स इंडिया हे ते टर्मिनल. मर्स्क या डॅनिश समूहातील एपीएम टर्मिनल्स ही कंपनी ते चालवीत असे. त्या दिवशी जगभरच्या मर्स्कच्या कचेऱ्यांतील संगणकांच्या काळ्या पडद्यांवर लाल अक्षरांत एक इंग्रजी मजकूर उमटला, आणि न्हावा-शेव्याचे यार्डही त्याच फेऱ्यात सापडले. कंटेनर ही बाहेरून काहीच न सांगणारी पोलादी पेटी. ती कोणाची, कोणत्या जहाजातून उतरली, कोणत्या ट्रेलरवर चढायची, हे सारे संगणकातल्या नोंदीत असते. नोंद गेली की पेटी मुकी होते. टर्मिनलला हाताने नोंदी करून काम रेटावे लागले. कंटेनरची कोंडी होऊ नये आणि खोळंबलेल्या ट्रकांना थांबायला जागा मिळावी, यासाठी बंदर प्रशासनाला धावपळ करावी लागली. त्या वेळी कंटेनर-वाहतुकीत देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या बंदराची ही कथा आहे.

पडद्यावरच्या त्या मजकुराकडे साहित्याच्या अभ्यासकांनी एक मजकूर म्हणून पाहावे, असे मला वाटते. तुमच्या फायली आता तुम्हांला उघडता येणार नाहीत, त्या कूटबद्ध झाल्या आहेत, स्वतः सोडवण्यात वेळ दवडू नका, ३०० डॉलरएवढी बिटकॉइन अमुक पत्त्यावर पाठवा आणि अमुक ई-पत्त्यावर कळवा, सर्व फायली सुखरूप परत मिळतील याची आम्ही हमी देतो, असा त्याचा आशय होता. धमकी, किंमत, पत्ता आणि हमी हे या गद्यप्रकाराचे चार अवयव होत. त्यांत हमी सर्वांत महत्त्वाची, कारण तीवाचून उरलेल्या तिघांना अर्थ नाही. २०१७च्या चिठ्ठीतली हमी खोटी होती. कशी, ते पुढे येईलच.

‘खंडणी’ हा शब्द आज वर्तमानपत्रांतून निव्वळ गुन्ह्याच्या अर्थाने वावरतो. (कायद्याच्या मराठी भाषांतरात त्यासाठी ‘बलाद्‌ग्रहण’ असा शब्द योजला आहे; तो न्यायालयाबाहेर कोणी उच्चारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.) परंतु जुन्या मराठीत खंडणे म्हणजे रक्कम एकदाच ठरवून टाकणे. शेत खंडाने देतात तो खंडही त्याच कुळातला. म्हणजे या शब्दात मुळात जबरदस्तीइतकाच करारही आहे. खंडणी भरली की त्याबदल्यात काहीतरी मिळते, निदान उपद्रव थांबतो, हे दोन्ही पक्षांनी गृहीत धरलेले असते.

रायगडच्या किनाऱ्याला ही गोष्ट नवी नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगिजांनी अरबी समुद्रात ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सक्तीचा केला. तो जवळ नसलेले जहाज पकडावे, माल जप्त करावा, अशी रीत होती. समुद्र कोणाचाच नसताना त्यावर चालण्याचा परवाना विकणे, ही कल्पना धाडसी खरीच. पुढे कुलाब्याच्या कान्होजी आंग्ऱ्यांनी त्याच तर्काने आपले ‘दस्तक’ चालवले. इंग्रजांच्या कागदपत्रांत कान्होजी ‘चाचा’ ठरतात. मराठी राज्याच्या लेखी ते सरखेल होते आणि दस्तक हा राज्याचा हक्क होता. एकाच कागदाला एक पक्ष परवाना म्हणतो आणि दुसरा खंडणी. इतिहासकाराचा निम्मा वेळ हे नाव ठरवण्यातच जातो. मुंबईकर इंग्रज स्वतः आपले परवाने देत असत, तेव्हा त्यांना तत्त्व मान्य होते, हरकत होती ती सही कोणाची यालाच.

१७१२ सालच्या अखेरीस कान्होजींच्या आरमाराने मुंबईचे गव्हर्नर विल्यम एस्लबी यांचे सशस्त्र जहाज पकडले. कारवारच्या वखारीचा प्रमुख टॉमस चाऊन त्या लढाईत मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कॅथरिन आंग्ऱ्यांच्या कैदेत पडली. तीस हजार रुपये भरल्यावर फेब्रुवारी १७१३मध्ये तिची सुटका झाली. त्याच सुमारास दोन्ही बाजूंत तहाची बोलणी झाली. या प्रसंगाकडे शौर्यकथा म्हणून पाहणारे पाहोत. मला त्यातला व्यवहार लक्षणीय वाटतो. पैसे पोचले आणि ओलीस परत आला. खंडणी घेणाऱ्याचा चेहरा माहीत होता, त्याचा किल्ला अलिबागच्या समुद्रात ओहोटीला चालत जाता येईल इतका जवळ उभा होता, आणि उद्या पुन्हा याच माणसाशी बोलावे लागणार हे इंग्रजांना ठाऊक होते. शब्द मोडणे दोघांनाही परवडणारे नव्हते.

आता १९८९ या वर्षाकडे येऊ. न्हावा-शेवा बंदर मे १९८९मध्ये सुरू झाले. त्यामागे जानेवारी १९८४चे उरणच्या शेतकऱ्यांचे आंदोलन आणि गोळीबारातले पाच हुतात्मे आहेत. त्या जमिनींच्या मोबदल्याचा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डाकेने सुमारे वीस हजार फ्लॉपी डिस्क निरनिराळ्या देशांत पोचल्या. त्यांवर एड्सविषयी माहिती असल्याचे लिहिले होते. एका ब्रिटिश संगणक-मासिकाचे वर्गणीदार आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स परिषदेचे प्रतिनिधी हे त्यांचे मुख्य धनी. पाठवणारा जोसेफ पॉप हा हार्वर्डमध्ये शिकलेला उत्क्रांतिशास्त्रज्ञ होता. डिस्क चालवली की ती मुकाट मोजणी करी. संगणक सुमारे नव्वद वेळा सुरू झाला की फायलींची नावे गुंतवून टाकी आणि पनामामधील एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवण्यास सांगे.

या पहिल्या चिठ्ठीची भाषा पाहण्यासारखी आहे. तिच्यात खंडणी हा शब्द नाही. तुमच्या सॉफ्टवेअरची भाडेपट्ट्याची मुदत संपली आहे, नूतनीकरण करा, असे ती विनयाने सांगते. सोबत करारनाम्याचा एक कागदही होता आणि पैसे न भरल्यास तुमच्या इतर प्रोग्रॅमांना अपाय होईल, हे त्यात स्पष्ट लिहिलेले होते. कोणी वाचले नाही, इतकेच. आज आपण ‘मला मान्य आहे’ असे बटण न वाचता दाबतो, त्या सवयीचा पहिला मोठा फायदा पॉपने घेतला असे म्हणता येईल. त्याची कूटपद्धती मात्र कच्ची होती. जिम बेट्स या ब्रिटिश तज्ज्ञाने ती उलगडून सुटकेचा प्रोग्रॅम फुकट उपलब्ध करून दिला. पॉपला अटक झाली, पण खटल्यास सामोरे जाण्याच्या मानसिक स्थितीत तो नाही असे न्यायालयाने ठरवले.

पॉपच्या पद्धतीतली त्रुटी अशी, की कुलूप आणि किल्ली दोन्ही बळीच्याच घरात होती. अ‍ॅडम यंग आणि मोती युंग यांनी १९९६ साली एका निबंधात दाखवून दिले की सार्वजनिक किल्लीची कूटपद्धती वापरली तर कुलूप घरात आणि किल्ली फक्त चोराकडे, अशी विभागणी करता येते. त्यांनी तो धोक्याचा इशारा म्हणून लिहिला होता. तो व्यवहारात मोठ्या प्रमाणावर उतरायला सतरा वर्षे लागली, आणि मधल्या काळात या प्रकाराची एक निराळीच शाखा फोफावली. घरगुती संगणकाचा संबंध प्रामुख्याने तिच्याशी आहे.

ही शाखा म्हणजे पडदा अडवणाऱ्या प्रोग्रॅमांची. त्या फायलींना हात लावत नाहीत, फक्त समोर उभ्या राहतात. दाराला कुलूप न घालता उंबऱ्यावर आडवे पडून राहणाऱ्या वसुलीवाल्याची येथे आठवण व्हावी. २०१०मध्ये मॉस्कोत दहा जणांना अशा एका टोळीच्या संदर्भात अटक झाली. त्यांचा प्रोग्रॅम पडदा अश्लील चित्राने झाके आणि तो हटवण्यासाठी महागडा एसेमेस करायला लावी. दोष संगणकाचा, पण लाज मालकाची. तक्रार करायला कोण जाणार? २०१२मध्ये युरोप-अमेरिकेत पसरलेल्या ‘रेव्हेटन’ने लाजेला भीतीची जोड दिली. पडद्यावर त्या त्या देशाच्या पोलिसांचे बोधचिन्ह, कायद्याची कलमे, तुमच्या संगणकाचा आंतरजालावरील क्रमांक, आणि बेकायदा मजकूर पाहिल्याबद्दल दंड भरण्याचा हुकूम. काही नमुन्यांत वेबकॅमची चौकटही असे, जणू तुमची छबी टिपली जात आहे. बर्लिनमध्ये जर्मन पोलीस बोलत, माद्रिदमध्ये स्पॅनिश. फेब्रुवारी २०१३मध्ये स्पेनच्या पोलिसांनी या टोळीचा एक मोठा भाग उघडकीस आणला.

येथे वाचकाची कसोटी लागते, आणि मला वाटते साहित्याच्या शिक्षकाला तंत्रज्ञापेक्षा थोडी जास्त सोय आहे. सरकारी भाषा कशी असते हे आपण जाणतो. ती कर्मणी, लांबट, तारीख-वार-जावक क्रमांकाने जखडलेली असते. तिला घाई नसते. ती नोटीस देते, मुदत देते, उत्तर मागते. पडद्यावरचा खोटा हुकूम एकाच श्वासात आरोप, निकाल आणि दंडाची रक्कम सांगतो, वर उलटे घड्याळ लावतो आणि दंड भेटकुपनात किंवा बिटकॉइनमध्ये मागतो. कोणतेही पोलीस ठाणे संगणक अडवून दंड वसूल करीत नाही. शैलीच्या पातळीवरच हा मजकूर स्वतःला उघडा पाडतो. भीतीमुळे आपण तो वाचत नाही, नुसता पाहतो. फसगत होते ती त्यामुळे.

तरीही प्रत्यक्ष उपाय सांगितल्याशिवाय हे विवेचन अपुरेच राहील. पडदा अडला तर प्रथम आंतरजालाची तार काढावी किंवा राउटर बंद करावा, आणि मोबाइलने पडद्याचे छायाचित्र घ्यावे. मग नक्की काय अडले आहे ते तपासावे. पुष्कळदा अडलेला असतो फक्त ब्राउझर: एखादे पान पडदाभर पसरून बसलेले असते, वर एक दूरध्वनी क्रमांक आणि कर्कश आवाज. कळफलकावरची आल्ट आणि एफ-४ ही जोडी, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून उघडणाऱ्या टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करणे, इतका त्याला उतारा पुरतो. पुन्हा उघडताना मागची पाने परत आणण्याची सूचना तेवढी नाकारावी. त्या दूरध्वनी क्रमांकावर बोलू नये. अडवणूक खोटी असते, बोलणारा माणूस मात्र खरा.

टास्क मॅनेजरही उघडत नसेल, आणि संगणक बंद करून सुरू केल्यावर तोच पडदा परत येत असेल, तर प्रोग्रॅम आत शिरला आहे असे समजावे. अशा प्रोग्रॅमची युक्ती बहुधा ठरलेली असते. विंडोज सुरू होताना काय काय चालवायचे याची एक यादी असते, तीत तो आपले नाव घुसवतो. किंवा विंडोजचा दर्शनी भाग दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या जागी स्वतःला नेमतो. सेफ मोडमध्ये ती यादी बाजूला ठेवून अगदी जरुरीपुरतेच विंडोज उठते, म्हणून तेथे पडदा सहसा मोकळा असतो. विंडोज ७पर्यंत सुरू होतानाच एफ-८ दाबून तेथे जाता येई. नंतरच्या आवृत्त्यांत शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करावे आणि दुरुस्तीच्या पर्यायांतून वाट काढावी. डिस्क कूटबद्ध असेल तर येथे तिची पुनःप्राप्तीची किल्ली मागितली जाऊ शकते. ती आधीच कागदावर लिहून ठेवलेली बरी. दर्शनी भागच बळकावला असेल तर ‘कमांड प्रॉम्प्टसह सेफ मोड’ निवडावा आणि तेथून सिस्टीम रिस्टोरने आदल्या तारखेस परतावे. तेही साधले नाही, तर दुसऱ्या निरोगी संगणकावर विषाणुरोधकाची स्वयंपूर्ण पेनड्राइव्ह तयार करून तिच्यावरून संगणक सुरू करावा, म्हणजे आतला प्रोग्रॅम जागा होण्यापूर्वीच पकडता येतो. मोकळा झाल्यावर पूर्ण तपासणी करावी आणि बँकेचे व ई-पत्राचे परवलीचे शब्द दुसऱ्या यंत्रावरून बदलावेत. रेव्हेटनसारखे प्रोग्रॅम मागल्या दाराने परवलीचे शब्द चोरणाऱ्या भावंडांबरोबर येत, हे विसरू नये.

हे सारे जमते, कारण पडदा अडवणाऱ्याने काहीही खरोखर ताब्यात घेतलेले नसते. सप्टेंबर २०१३मध्ये ‘क्रिप्टोलॉकर’ आला आणि यंग-युंग यांचा इशारा खरा झाला. फायलींची नावे किंवा शेपटे बदललेली, दर कप्प्यात चिठ्ठीची एक प्रत, आणि प्रोग्रॅम काढून टाकला तरी फायली बंदच, ही त्या जातीची खूण. येथे विषाणू काढणे आणि फायली सोडवणे ही दोन वेगळी कामे होतात. काही जातींच्या किल्ल्या पोलिसांच्या किंवा संशोधकांच्या हाती लागल्या आहेत. डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा-कंपन्यांनी जुलै २०१६मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संस्थळावर त्या विनामूल्य मिळतात. आज नसलेली किल्ली उद्या मिळू शकते, म्हणून बंद पडलेल्या फायली पुसू नयेत. बाकी खरी भिस्त आधी काढून ठेवलेल्या प्रतीवरच, आणि ती प्रत संगणकाला कायम जोडलेली नसावी. जोडलेली प्रत मूळ फायलींबरोबरच कूटबद्ध होते. प्रबंधाची एकमेव प्रत लॅपटॉपवर ठेवणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांनी एवढे वाक्य तरी गंभीरपणे घ्यावे.

आता पुन्हा २०१७. त्या वर्षी मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ने जग हादरवले होते, वापरलेली फट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच बुजवली होती, पण ठिगळ लावायचे अनेकांचे राहून गेले होते. जूनचा हल्ला युक्रेनमधील ‘मीडॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून सुटला. मर्स्कचे जाळे जगभर पसरलेले, म्हणून युक्रेनमधल्या एका हिशेबनीस प्रोग्रॅमचे दुखणे उरणपर्यंत पोचले. २०१६च्या ‘पेट्या’शी साम्य असल्याने प्रथम सर्वांनी त्याला पेट्याच म्हटले, मग लक्षात आले की हा तो नव्हे, आणि नावही ‘नॉटपेट्या’ पडले. नकारातून झालेले हे नामकरण मला अर्थपूर्ण वाटते.

कारण ही चिठ्ठी खंडणीच्या प्रकाराची नक्कल होती. तिच्यातला लांबलचक ‘ओळख क्रमांक’ यदृच्छेने तयार केलेला होता, त्याचा किल्लीशी काही संबंध नव्हता. त्यामुळे पैसे मिळूनही फायली सोडवणे लिहिणाऱ्याला शक्यच नव्हते. संपर्काचा ई-पत्ता एकच होता आणि जर्मनीतील सेवादात्याने तो त्याच दिवशी बंद केला. खंडणीवर पोट भरणारा इतका निष्काळजी नसतो. त्याआधीची पायरीही अशीच बनावट. संगणक आपोआप बंद होऊन सुरू होई आणि पडद्यावर डिस्क दुरुस्त होत असल्याचा देखावा दिसे; यंत्र बंद कराल तर सगळी माहिती नष्ट होईल, असा इशारा ठळक अक्षरांत असे. वस्तुतः त्याच वेळी माहिती नष्ट केली जात होती आणि यंत्र तत्काळ बंद करणे हाच वाचण्याचा मार्ग होता. खऱ्या डिस्क-तपासणीचा मजकूर रुक्ष असतो, तो ओरडत नाही. येथेही शैलीच चुगली करीत होती.

मर्स्कला दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागल्याचे कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८मध्ये दावोस येथे सांगितले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरातले. साऱ्या जाळ्याचा नकाशा सांभाळणाऱ्या यंत्रांपैकी एकच बचावले, ते आफ्रिकेतल्या घाना देशातले, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. कोकणात वीज गेल्यावर आपण जे बोलतो ते येथे आठवल्यावाचून राहत नाही. फेब्रुवारी २०१८मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने या हल्ल्याबद्दल रशियाच्या लष्कराला जाहीरपणे जबाबदार धरले आणि ऑक्टोबर २०२०मध्ये अमेरिकेने रशियन लष्करी गुप्तचर खात्याच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवले. रशियाने जबाबदारी नाकारली आहे. आरोप खरा मानला, तर उरणच्या यार्डाला कोणी लुटत नव्हते. दोन देशांच्या वैरातला एक बाण भरकटून तेथे लागला होता.

घरगुती पातळीवर मात्र रेव्हेटनची शाखा मेलेली नाही. भारतात गेल्या काही वर्षांत ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने जे चालते, त्यात प्रोग्रॅमची जागा माणसाने घेतली आहे. गणवेशातला इसम चित्रफितीच्या कॉलवर येतो, खोटी कागदपत्रे दाखवतो, कॅमेऱ्यासमोरून हलू नका म्हणतो आणि रक्कम सांगतो. पडदा अडवलेला नसतो, माणूस अडवलेला असतो. ऑक्टोबर २०२४मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरच्या भाषणात याविषयी सावध केले. अशी अटक कायद्यात नाही. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. पहिले काही तास मोलाचे असतात, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी थांबवता येते.

नॉटपेट्याच्या नावाचा तंटा न्यायालयातही गेला. मर्क या औषधकंपनीचे सुमारे १४० कोटी डॉलरचे नुकसान झाले होते. विमा कंपन्यांनी म्हटले, हे युद्धकृत्य आहे, आणि युद्धाची भरपाई आमच्या करारात बसत नाही. मर्कचे म्हणणे उलट होते. १७१२ साली मुंबईच्या वखारीत जो प्रश्न विचारला गेला असेल, हा दरोडा की राज्याचा व्यवहार, तोच तीनशे वर्षांनी न्यू जर्सीत आला. तेथील अपील न्यायालयाने मे २०२३मध्ये मर्कच्या बाजूने कौल दिला: हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरलेला हा हल्ला करारातल्या ‘युद्ध’ या शब्दाच्या कक्षेत येत नाही. पुढे वरच्या न्यायालयाचा निर्णय येण्यापूर्वीच, जानेवारी २०२४मध्ये दोन्ही पक्षांनी आपसात तडजोड केली.